आरसा आणि कॅनव्हास यांच्यामध्ये

मित्रहो, घरी गेल्यावर आरशासमोर उभं राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या. नजर इकडून तिकडे जाते, पण डोळे हलताना तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला ते स्पष्ट दिसतील. नजर सरकते तेवढ्या वेळापुरतं मेंदू ते दृश्य आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाही.

आत्मचित्र काढणाऱ्याची अडचण इथून सुरू होते. आरशात पाहायचं, मान वळवायची, कॅनव्हासवर रेघ ओढायची. रेघ ओढताना चेहरा समोर नसतोच, असते ती क्षणापूर्वीची आठवण. अंतर्मन चित्रात शिरतं ते त्या एवढ्याशा फटीतून, असं मला वाटतं. स्वप्नातल्या वस्तू मुद्दाम जमवून मांडल्या की अंतर्मन रंगवलं, हे मला कधी पटलं नाही.

मेक्सिकोची चित्रकर्ती फ्रिडा काहलो हिचं १९३९ सालचं ‘दोन फ्रिडा’ घ्या, ज्यात तिनं स्वतःलाच दोनदा रंगवलंय. नवरा, चित्रकार दिएगो रिव्हेरा, याच्याशी घटस्फोट झाला, त्याच वर्षातलं. सगळे बघतात ती उघडी हृदयं आणि त्यांना जोडणारी रक्तवाहिनी. मी बघतो ते हात. शेजारी बसलेल्या दोघींनी एकमेकींचा हात धरलाय, आणि चेहऱ्यावर मात्र काहीच उमटू दिलेलं नाही.

पण मी सारखा परत जातो तो हेलेन शेर्फबेककडे. फिनलंडची ही चित्रकर्ती १८६२ साली जन्मली. १९१५ मध्ये फिनिश कला संस्थेसाठी तिनं आत्मचित्र काढलं: काळी पार्श्वभूमी, ताठ मान, वर मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव. इथं ‘मी कोण’ याचं उत्तर तिच्यापाशी तयार आहे. जवळपास तीस वर्षांनी, १९४४-४५ मध्ये, स्वीडनमधल्या एका हॉटेलात राहून या आजारी बाईनं एकामागून एक सुमारे वीस आत्मचित्रं काढली. त्यांत नाव गेलं, केस गेले, गाल आत ओढले गेले. तोंड म्हणजे नुसतं विवर. एखाद्या चित्रात तर चेहऱ्याखालची कवटीच वर आलीय. ही चित्रं पाहताना माझा श्वास अडकतो, कारण तिनं नजर वळवलेली नाही. १९४६ च्या जानेवारीत ती गेली.

आता माझ्याबद्दल थोडं. काही वर्षांपूर्वी मी माझी अकरा आत्मचित्रं एका भिंतीशी ओळीनं लावली. अकराही चित्रांत एक खांदा वर उचललेला होता, कुणीतरी मागून हाक मारणार असल्यासारखा. आरशात पाहिलं, तर दोन्ही खांदे सरळ. बाराव्या चित्रात मी तो जाणूनबुजून खाली आणला. रेखाटन अचूक होतं, प्रमाणही बिनचूक, पण समोर भलताच माणूस बसला होता. तीन दिवस ते चित्र तसंच ठेवलं. चौथ्या दिवशी खांद्यावरचा रंग खरवडला आणि खांदा पुन्हा वर घेतला.