मधल्या सुट्टीतला अर्धा तास

नमस्कार मंडळी. आज जायचंय अमेरिकेला, पण न्यूयॉर्क-बिर्क नाही हां, थेट नेब्रास्कात, हॅमिल्टन काउंटीमधल्या हॅम्प्टन नावाच्या छोट्याशा गावापाशी. जिकडे बघाल तिकडे मका. आणि या मक्याच्या मुलखात एक चर्च आणि त्या चर्चची एक शाळा. नाव झायन लुथरन. लुथरन म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ.

ही शाळा इथे कशी आली ते आधी सांगतो. 1862 चा होमस्टेड कायदा आला, 160 एकर जमीन, त्यावर राहा, कसा, पाच वर्षं टिकलात की तुमची. रेल्वे कंपन्यांनाही आपल्या जमिनी खपवायच्या होत्या, त्यांनी पार युरोपात जाऊन जाहिराती केल्या. मग जर्मन शेतकरी कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन आले आणि लुथरन लोकांचं एक पक्कं होतं, चर्च बांधलं की शाळा हवीच, कारण पोराला बायबल वाचता आलं पाहिजे, आणि बायबल म्हणजे अर्थातच जर्मनमधलं. घरात प्रार्थना जर्मन, आजीशी बोलणं जर्मन.

1917 पर्यंत याचं कुणाला फारसं वावडं नव्हतं. एप्रिलमध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि सगळं फिरलं. जर्मन बोलणारा म्हणजे संशयित. लोकांनी सावरक्राउटचं, म्हणजे त्या आंबवलेल्या कोबीचं नाव बदलून 'लिबर्टी कॅबेज' केलं, आता कोबीने काय घोडं मारलं होतं कुणाचं!

गंमत बघा, युद्ध थांबलं नोव्हेंबर 1918 ला, आणि नेब्रास्काचा कायदा आला त्यानंतर, एप्रिल 1919 मध्ये. शाळा सरकारी असो, खाजगी असो, चर्चची असो, शिकवायचं ते इंग्रजीतूनच, आणि आठवी पास होईपर्यंत परकी भाषा शिकवायची नाही. मोडलात तर 25 ते 100 डॉलर दंड नाहीतर 30 दिवसांपर्यंत कैद. लॅटिन, ग्रीक, हिब्रू चालेल असं राज्याच्या कोर्टाने नंतर म्हटलं, कारण त्या मेलेल्या भाषा. म्हणजे ज्या भाषेत आजी हाक मारते तीच नेमकी बंद.

झायनच्या लोकांनी मग एक शक्कल लढवली. दुपारची सुट्टीच अर्ध्या तासाने वाढवली, एक ते दीड. या वेळात शाळा नाही ना, मग जर्मन शिकवली तर कायदा कुठे मोडला? शिकवायला रॉबर्ट मेयर गुरुजी.

25 मे 1920. चौथीतला 10 वर्षांचा एक मुलगा जर्मनमधून बायबलची गोष्ट वाचतोय, याकोबाला स्वप्नात दिसलेल्या शिडीची. आणि दारात काउंटीचा सरकारी वकील. गुरुजींनी त्याला पाहिलं. इंग्रजी सुरू केली असती तर तो काही न बोलता निघून गेला असता, हे त्यांना कळत होतं, नंतर त्यांनी आपल्या वकिलाला तसं सांगितलंही. पण ते जर्मनमध्येच शिकवत राहिले.

25 डॉलर दंड झाला.

भरून टाकले असते तर आज आपण हा व्हिडिओ बनवत नसतो. गुरुजी अपिलात गेले. राज्याचं सुप्रीम कोर्ट 1922 मध्ये म्हणालं, शिक्षा बरोबर आहे, ती वाढवलेली सुट्टी वगैरे काही चालणार नाही. मग केस वॉशिंग्टनला, म्हणजे देशाच्या सुप्रीम कोर्टात, आणि तिथे गुरुजींची बाजू मांडली आर्थर मलन यांनी, म्हणजे जर्मनही नाहीत आणि लुथरनही नाहीत, आयरिश कॅथलिक माणूस! पण कॅथलिकांच्याही शाळा होत्याच की, त्यांनाही झळ बसतच होती.

4 जून 1923 ला निकाल लागला, 7 विरुद्ध 2, मेयर गुरुजी जिंकले. निकाल लिहिला न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी. हा माणूस स्वतः काही फार उदार मनाचा नव्हता, ज्यूंचा त्याचा द्वेष तर जगजाहीर होता, पण इथे त्याने लिहिलं की राज्यघटनेच्या 14 व्या दुरुस्तीतलं स्वातंत्र्य म्हणजे नुसतं तुरुंगाबाहेर असणं नव्हे, शिक्षकाला शिकवण्याचा आणि आईबापांना आपल्या मुलाला शिकवून घेण्याचा हक्कही त्यात येतो. विरोधात होते होम्स आणि सदरलँड. होम्स यांचं म्हणणं सरळ होतं, घरात फक्त जर्मन किंवा पोलिश ऐकणाऱ्या पोराला शाळेत इंग्रजीच ऐकू दे, सगळ्या देशाला एक भाषा असावी असं राज्याला वाटलं तर तो प्रयोग करू द्यावा. हा मुद्दा अगदीच फालतू नाहीये, मला पटत नाही तरी.

आयोवा आणि ओहायोचे असेच कायदे त्याच दिवशी कोसळले. आणि पुढे अमेरिकेत कुटुंबाच्या, खाजगी आयुष्याच्या हक्कांवर कितीतरी मोठे खटले झाले, त्यांच्या निकालांत हे 'मेयर विरुद्ध नेब्रास्का' पुन्हा पुन्हा येत राहिलं.

आणि हे सगळं सुरू झालं ते मक्याच्या शेतांमधल्या एका वर्गात, दुपारी एक ते दीडच्या मध्ये.