लिफ्टचं दार कोणी उघडं ठेवलं?

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. जेवणानंतर लगेच थरारपट दाखवायचा, हे कार्यकारिणीचं धाडसच म्हणायचं. पण कोणी डुलक्या काढताना दिसलं नाही. चहाच्या रांगेत ज्यांची माझी दोन मिनिटांची फिल्म चुकली, त्यांना आधी ती सांगते.

ठाणे, नौपाडा. जुनी चार मजली इमारत. रात्र. हातात भाजीची पिशवी घेतलेली साठीची बाई लिफ्टचं बटण दाबते. लिफ्ट येत नाही. वरून कुठूनतरी तो आवाज मात्र येत राहतो, ‘कृपया दरवाजा बंद करें, प्लीज क्लोज द डोअर.’ दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ "आज पण?" असं पुटपुटत जिन्याने निघून जातात. वॉचमन मोबाइलमधून मान वर करत नाही. बाई जाळीला तोंड लावते आणि आपल्याकडची कोणीही बाई करेल तेच करते. वर ओरडते, "अहो, चौथ्यावर कोण आहे? दार लावा होऽऽ!" आवाज थांबतो. जाळीचं दार सरकल्याचा खडखडाट होतो. आता वॉचमन पहिल्यांदा वर बघतो. "मावशी, चौथे माले पे तो कोई नहीं है. दोनों घर को ताला है." आणि लिफ्ट खाली यायला लागते. काळा पडदा, त्यावर नाव: ‘दार लावा’. संपलं.

चहा घेताना मला तिघांनी विचारलं, पुढे काय? पुढे काही नाही. कॉलेजचा प्रकल्पच तसा होता: थरारपटाची फक्त सुरुवात करायची, दोन मिनिटांत, नामावलीसकट. उरलेला चित्रपट बनवायचा नसतो. तो कुठेतरी तयार आहे असं वाटायला लावायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं. पण लघुपटाला शेवटाचा आधार असतो, इथे तोही नाही. प्रश्न असा टाकायचा की बघणारा खुर्चीत पुढे सरकेल, आणि तो नेमका टाकून झाला की निघून जायचं.

मी हिवाळ्याच्या सुट्टीत घरी जाणार होते, म्हणून ठाण्यातच शूट करायचं ठरवलं. मित्रमैत्रिणींनी जागा सुचवल्या त्या तुम्हाला पाठ असतील. येऊरचं जंगल. कळव्याचा खाडीपूल. घोडबंदरचा किल्ला. ठाणे स्टेशनचा रात्रीचा फलाट, जिथे १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी आली होती वगैरे वगैरे. आता स्टेशनवर शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. येऊर राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे वनखात्याची लागते. पण परवानगी हातात आयती पडली असती तरी मी गेले नसते. जंगलात रात्री भीती वाटते यात दिग्दर्शकाचं कर्तृत्व काय? तिथे बिबळ्याच आहे. भीती वाटायलाच हवी.

मला अशी जागा हवी होती जिथे कोणाला कधीच भीती वाटत नाही, फार तर वैताग येतो. जाळीच्या दाराची लिफ्ट हा ठाणेकरांचा रोजचा वैताग आहे. एका मजल्यावर कोणी दार बोटभर जरी उघडं टाकलं तरी ती जागची हलत नाही. सुरक्षेसाठीच तशी सोय असते. मग ती रेकॉर्ड केलेली बाई बोलत बसते आणि सगळी इमारत एकमेकांवर संशय घेते. माझ्या आत्याच्या इमारतीत यावर सोसायटीच्या सभेत ठराव झालेला आहे. फलकावर नोटीस आहे. उपयोग शून्य.

तर बघणाऱ्याच्या मनात आधी चीड यायला हवी होती आणि त्याच चिडीतून भीती. "कोणी उघडं ठेवलं?" हे वाक्य आपण कपाळाला आठ्या घालून म्हणतो. तेच वाक्य, एक शब्द न बदलता, अंगावर काटा आणणारं व्हावं, एवढाच माझा डाव होता. आत्याच्या शेजारणींना पहिली जुळणी, म्हणजे फिल्मचं कच्चं संपादन, दाखवली तेव्हा तो जमला. पहिल्या अर्ध्या मिनिटात एक काकू पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघ, तिसऱ्या मजल्यावरची मुलंच असणार." शेवटी त्याच काकू जिन्याने घरी गेल्या.

इथे परत आल्यावर वर्गात तीच जुळणी दाखवली आणि काय झालं सांगते. सगळ्यांना पहिल्या चित्रापासूनच भीती वाटली. का? तर जाळीचं दार. त्यांच्या लेखी जाळीची लिफ्ट म्हणजे जुनं हॉटेल, भूतबंगला, तुरुंग. आणि वरून येणाऱ्या आवाजाचा अर्थ कोणालाच लागला नाही. इथल्या लिफ्टची दारं आपली आपण लागतात. दार उघडं राहिलं तर त्यामागे माणूस असतो हे इथल्या माणसाला कळणार कुठून? एकाला वाटलं ती बाई भविष्यवाणी करतेय. म्हणजे ठाण्यात जिथे वैताग होता तिथे इथे भीती, आणि ठाण्यात जिथे भीती होती तिथे इथे नुसता गोंधळ.

थराराच्या पहिल्याच तासाला कोणताही प्राध्यापक थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याच्या बॉम्बचं उदाहरण देतो. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत त्याने ते सांगितलं होतं. दोघं टेबलाशी गप्पा मारतायत, एकदम बॉम्ब फुटतो: पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवा: पंधरा मिनिटांचा ताण. गोष्ट खरीच आहे. पण वर्गातल्या त्या दिवसानंतर माझ्या लक्षात आलं की बॉम्ब हे फार सोयीचं उदाहरण आहे. तो काय करतो हे जगात कोणाला समजावावं लागत नाही. उघड्या लिफ्टच्या दाराचं तसं नाही. ते कळायला नौपाड्यात भाजीची पिशवी घेऊन उभं राहिलेलं असावं लागतं.

आता यावर दोन सल्ले मिळाले. एक, सबटायटलमध्ये समजावून टाक. दुसरा, लिफ्ट काढ आणि टेलिफोन घाल. दोन्ही मी ऐकले नाहीत. समजावलेली भीती ही समजावलेल्या विनोदासारखी असते. त्यापेक्षा नियम मोडण्याआधी नियम दाखवायचा, आणि तो माणसांच्या वागण्यातून दाखवायचा. जिन्याने जाणारे ते गृहस्थ आणि मान वर न करणारा वॉचमन पहिल्या जुळणीत नव्हतेच. ते वर्गानंतर आले. चित्रीकरण आधीच करून ठेवलं होतं, नशीब. गृहस्थ वैतागले, वॉचमनला काहीच वाटलं नाही, म्हणजे हे इथे रोज होतं, एवढं ओहायोतल्या मुलालाही कळतं. मग जो माणूस इतका वेळ हलला नाही तोच मान वर करतो तेव्हा लिफ्टबद्दल काहीही माहीत नसलेला प्रेक्षकही सावध होतो. आत्याच्या शेजारणींना या दोघांची गरज नव्हती, पण त्यांची अडचणही झाली नाही. उलट एकीने विचारलं, "हा आमचा वॉचमन कसा काय मिळाला तुला?" मिळाला नाही, तो तिथलाच आहे. अट एकच होती, गणवेशाला इस्त्री करून मगच कॅमेऱ्यासमोर येईन.

थोडं तंत्राचं, कारण मागच्या बाकांवर कॅमेरेवाली मुलं बसली आहेत. इथून कॅमेरा नेणार असाल तर एक बघा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, भारतातली ५०, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, आणि एका आवर्तनात उजेड दोनदा चढउतरतो. त्यामुळे जिन्यातली साधी ट्यूब आपल्याकडे सेकंदाला १०० वेळा मंद आणि प्रखर होते; डोळ्याला पत्ता लागत नाही, कॅमेऱ्याला लागतो. इथल्या सवयीने शटर, म्हणजे एका फ्रेमवर उजेड पडू देण्याचा वेळ, १/६० सेकंदावर ठेवलंत की चित्रात उजेड लपलपतो. १/५० वर आणलंत की प्रत्येक फ्रेममध्ये ते चढउतार पूर्ण दोनदा मावतात आणि उजेड शांत होतो. मी सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० वर सगळं घेतलं. आणि हो, तळमजल्यावरची एक ट्यूब खरोखरच फडफडत होती. सगळे म्हणाले, वा, आयतं वातावरण! मी ती बदलून घेतली. फडफडणारी ट्यूब दिसली की प्रेक्षक घाबरायच्या तयारीत बसतो, आणि मला तो बेसावध हवा होता. सोसायटीला फुकट नवी ट्यूब मिळाली, म्हणून पुढची परवानगी लवकर आली.

परवानगीवरून आठवलं: रात्र आम्ही दुपारी केली. रात्री दहानंतर आवाज नको, असं सेक्रेटरींनी लेखी दिलं होतं. मग दुपारी, जेवणं होऊन इमारत आडवी झाली की जिन्याच्या खिडक्यांना काळं कापड लावायचं आणि चहाची वेळ व्हायच्या आत आवरायचं.

खरी मेहनत आवाजावर गेली. लिफ्टमधल्या त्या बाईचा आवाज मी प्रत्येक मजल्यावर उभं राहून वेगवेगळा रेकॉर्ड केला. चौथ्यावर शब्द स्वच्छ कळतात, थोडा पत्र्यासारखा आवाज. तळमजल्यापर्यंत येताना डक्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीत, शब्द विरघळतात आणि नुसता हेल उरतो. फिल्मच्या सुरुवातीला तळमजल्याचा आवाज आहे. आमच्या काकूंचा, म्हणजे फिल्ममधल्या भाजीच्या पिशवीवाल्या बाईचा, चेहरा जवळून दिसायला लागतो तसतसा हळूहळू चौथ्या मजल्यावरचा आवाज खाली मिसळत नेला आहे. लिफ्ट वरच आहे, बाई खालीच आहे, पण कानाला मधलं अंतर कमी झाल्यासारखं वाटतं. अजून कोणी हे ओळखलेलं नाही आणि मी आज ते सांगून टाकलं. आवाज बंद होतो तिथे पूर्ण शांतता घातली असती तर स्पीकर बिघडला असं वाटलं असतं; म्हणून त्या जिन्यातली ‘काहीच चालू नसतानाची’ शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेवली होती. नीट ऐकलंत तर तिच्यात लांबून एक कुकरची शिट्टी आहे. ठाण्यात याहून जास्त शांतता मिळत नाही.

काकूंविषयी थोडं. त्या हौशी नाटकवाल्या. गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झालं, तेव्हापासूनच्या प्रेक्षक असल्याचा त्यांना अभिमान आहे. त्यामुळे पहिलं "दार लावा" त्यांनी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, आणि ते अगदी बरोबर होतं, कारण डक्टमध्ये तसंच ओरडावं लागतं! मध्ये मध्ये त्या विचारत, "अगं, मला मारणार कधी?" मी म्हणे, काकू, दोन मिनिटांत कोणी मरत नाही. त्यांना ते आजतागायत पटलेलं नाही.

नामावली देवनागरीत ठेवली. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या लिपीचा पर्याय आधी निवडावा लागतो, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि दिग्दर्शिकेचंच नाव रहस्य होतं. जेवताना एका काकांनी विचारलं, मराठीत थरारपट चालतात का? काका, ‘पाठलाग’ १९६४ साली आला आणि दोनच वर्षांनी हिंदीवाल्यांनी तो ‘मेरा साया’ म्हणून केला. चालतात.

आता कामाचं बोलते. पुढचा प्रकल्प याच गावात करायचा आहे, आणि इथल्या आपल्या घरांत रोजचा वैताग कोणता ते मी शोधून ठेवलं आहे. स्मोक अलार्म. मिरचीची फोडणी पडली की तो कोकलतो, मग एकाने खिडकी उघडायची, दुसऱ्याने खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायचा. हसताय म्हणजे सगळ्यांकडे आहे. माझ्या फिल्ममध्ये तो रात्री वाजतो. ओटा पुसलेला, गॅस थंड, घरातली सगळी माणसं झोपायच्या खोल्यांत, आणि खिडकी मात्र आधीच कोणीतरी उघडून ठेवलेली. मला स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकमेकांना लागून असलेलं घर हवं आहे, आणि खुर्चीवर चढून टॉवेल हलवायला एक काका. पैसे देता येणार नाहीत, जेवण देईन. नावं मंडळाच्या चिटणीसांकडे द्या, त्या तिकडे समोशांच्या टेबलाशी उभ्या आहेत.