आठवड्यातली 50 मिनिटं: जपानी जिभेवरचं इंग्रजी

(दृश्य: जपान. संध्याकाळ. कोमिनकान, म्हणजे वस्तीच्या सार्वजनिक केंद्रातली छोटी खोली. टेबलाशी शिक्षिका आणि पन्नाशीतला विद्यार्थी.)

हा विद्यार्थी इंग्रजी पत्र वाचून समजून घेतो. बाराव्या वर्षापासून सहा वर्षं तो शाळेत इंग्रजी शिकला. सगळा भर वाचनावर आणि व्याकरणावर. पुढे नोकरीसाठी टोइक ही इंग्रजीची परीक्षा दिली. 1979 मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेच्या मुख्य पेपरात 200 प्रश्न असतात, वेळ 2 तास, गुण 990. ऐकायचं, वाचायचं आणि उत्तराचा गोल काळा करायचा. बोलावं लागतच नाही. म्हणून आता एइकाइवा, म्हणजे इंग्रजी संभाषणाची शिकवणी.

(दृश्य: वहीत इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर काताकाना, म्हणजे परके शब्द लिहायच्या जपानी लिपीतली अक्षरं.)

पहिली अडचण या वहीतच आहे. जपानीत एकटा ‘न्’ सोडला तर जवळजवळ प्रत्येक व्यंजनामागे स्वर येतो. त्यामुळे एका झटक्यात म्हणायचा ‘स्ट्राइक’ होतो सु-तो-रा-इ-कु: पाच ठोके. ‘मिल्क’चा ‘मिरुकु’. काताकानात लिहून ठेवलं की ही चूक दर आठवड्याला पक्की होत जाते. ती अक्षरं आधी खोडायला हवीत. त्यांच्या जागी, शब्दात जोर जिथे येतो तिथे फक्त एक ठिपका.

(दृश्य: विद्यार्थी हनुवटीखाली तळहात धरतो.)

‘स्ट्राइक’ म्हणताना हनुवटी एकदाच खाली आली पाहिजे. पुन्हा पुन्हा आली, तर मध्ये स्वर घुसलेत. आणखी एक सोपी वाट त्याच्याच भाषेत आहे. टोकियोच्या बोलीत ‘देसु’ (म्हणजे ‘आहे’) या शब्दातला शेवटचा ‘उ’ जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘देस्’ असाच येतो. तोच शेवट ‘बस’ला लावायचा. पण ‘बेड’, ‘बॅग’ला ही युक्ती चालत नाही, तिथे वेगळा सराव लागतो.

‘र’ आणि ‘ल’ यांचं दुखणं सगळ्यांना ठाऊक असतं. जपानीत दोघांना मिळून एकच ध्वनी, जिभेचा हलका टपका. इंग्रजी ‘ल’साठी जीभ वरच्या दातांमागे टेकवून ठेवायची, ‘र’साठी कुठेच टेकवायची नाही. आमच्या मते मात्र यावर सगळा तास घालवू नये. समोरचा संदर्भावरून शब्द ओळखतो.

खरा गोंधळ होतो ‘येस’मुळे. “काल आला नाहीत?” याला जपानी माणूस म्हणतो “हाइ”, म्हणजे “बरोबर, नाही आलो.” मराठीतही आपण “हो, नाही आलो” म्हणतोच. इंग्रजीत मात्र अशा वेळी ‘येस’ म्हटलं की आलो असा अर्थ निघतो. उपाय एकच: नुसतं हो-नाही म्हणून थांबायचं नाही, क्रियापद जोडायचं. “नो, आय डिडन्ट.” शिवाय ऐकताना सवयीने येणारा “हाइ, हाइ” हा आपला हुंकार असतो. त्याचा ‘येस, येस’ झाला, तर समोरच्याला होकार वाटतो.

(दृश्य: घड्याळ.)

पहिली 10 मिनिटं मोकळ्या गप्पा. शिक्षिका मध्ये टोकत नाही, चुका टिपून घेते. त्यातल्या फक्त तीन निवडून पुढची 20 मिनिटं त्यांवरच काम. जास्त घेतल्या तर विद्यार्थी जपून, कमी बोलू लागतो. उरलेल्या वेळात त्याच वाक्यांनी नवा प्रसंग: हॉटेलात खोली बदलून मागणे, फोनवर वेळ ठरवणे. शब्द अडला तर जपानी “एत्तो...” ऐवजी “लेट मी थिंक”. एवढं म्हणेपर्यंत विचाराला दोन सेकंद मिळतात आणि शिक्षिका घाईने वाक्य पुरं करत नाही.

(दृश्य: रेल्वे फलाट, कानात इअरफोन.)

उरलेले सहा दिवस शॅडोइंग: ध्वनिफितीच्या किंचित मागे राहून तेच बोलत जायचं. तुकडा 30 सेकंदांचा. आधी नुसतं ऐकायचं, मग मजकूर समोर ठेवून, शेवटी मजकुराविना. शुक्रवारी ते फोनवर रेकॉर्ड करायचं. पुढच्या तासाच्या गप्पा त्यावरूनच सुरू होतात.