बेअर नदीकाठचे शोशोनी

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, प्रेस्टन गावाजवळून बेअर नदी वाहते. तिच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत, वारा अडवणारी झाडी आहे. म्हणून शोशोनी हे अमेरिकेतले मूळनिवासी लोक हिवाळ्यात इथे तळ टाकायचे. एरवी ते पांगलेले असत. कुणी मासेमारीला, कुणी गवताचं बी गोळा करायला, कुणी पार नेवाडाकडे पिन्यन पाइनच्या बिया वेचायला. थंडीत सगळे एकत्र आले, की लांडग्याच्या आणि कायोटीच्या (कोल्ह्यासारख्या एका प्राण्याच्या) गोष्टी सुरू व्हायच्या. त्या हिवाळ्यातच सांगायच्या, असा रिवाज.

1860 च्या सुमारास या खोऱ्यात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या गोऱ्या लोकांच्या वसाहती उभ्या राहिल्या. ज्या गवताच्या बियांवर शोशोनी जगत होते, ते गवत वसाहतींच्या गुरांनी फस्त केलं. शिकार आटली. उपासमार आली आणि मग चकमकी. 29 जानेवारी 1863 च्या पहाटे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, कर्नल पॅट्रिक कॉनरचं अमेरिकी सैन्य तळावर चालून आलं. बायका, मुलं, म्हातारे, कुणालाही सोडलं नाही. मृतांचा अंदाज 250 पासून 400 च्याही पुढे जातो.

2018 मध्ये शोशोनींच्या वायव्य शाखेने या परिसरातली सुमारे 550 एकर जमीन मिळवली. विकत! पूर्वज जिथे मारले गेले, ती जमीन पैसे मोजून घ्यावी लागली, याचा संताप येतो. आता तिथे बाहेरून आलेली झाडं काढून मूळची झाडं लावली जात आहेत.

भाषेची झीज मात्र बंदुकीविना झाली. मूळनिवासी मुलांना मातृभाषा बोलू न देणाऱ्या निवासी शाळांनी त्यांच्या तोंडून ती काढून घेतली. आज ती अस्खलित बोलणारे बहुतेक वृद्ध आहेत. आणि शोशोनी नुसती वाचून येत नाही. शब्दाच्या शेवटचा स्वर पुष्कळदा कुजबुजल्यासारखा, निव्वळ श्वासात उमटतो. तो कानांनीच शिकावा लागतो.

म्हणूनच भाषाशास्त्रज्ञ विक मिलर यांनी 1960 च्या दशकापासून केलेली ध्वनिमुद्रणं मोलाची आहेत. वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांत त्यांच्याच आवाजात आहेत. युटा विद्यापीठाने हा साठा जपला आणि 2009 पासून उन्हाळ्यात शोशोनी किशोरांना बोलावून भाषा शिकवायला सुरुवात केली. ही मुलं नुसती शिकून थांबली नाहीत. 2013 मध्ये त्यांच्यातल्या काहींनी एक व्हिडिओ गेम तयार केला, शोशोनी भाषेतच.