नियम सापडतात, तक्ते सापडत नाहीत

मंडळी, छोट्या मॉडेल जहाजांनी खेळायच्या आरमारी वॉरगेमच्या, म्हणजे लढाईची नक्कल करणाऱ्या खेळांच्या, जुन्या नियमपुस्तिका मी गोळा करतो, हे कळलं की लोक विचारतात, "या मिळतात कुठे?" त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. मिळाली, तर तिच्यावरून खेळता येईल का?

माझी पहिली खरेदी चाळीस पानांची होती. टंकलिखित, सायक्लोस्टाइल केलेली, स्टेपलच्या पिना गंजलेल्या. नियम सगळे शाबूत. पण तिसऱ्याच पानावर लिहिलेलं, "सोबतचा तक्ता क्रमांक दोन पाहा." सोबत काहीच नव्हतं. विकणाऱ्याची लबाडी म्हणावी, तर तसंही नाही. पुस्तक आणि सुटे कागद वेगळे असतात हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

जमिनीवरच्या लढाईच्या खेळात एक पलटण साधारण दुसरीसारखी धरून चालतं. समुद्रावर तसं जमत नाही. प्रत्येक जहाजाच्या तोफा निराळ्या, चिलखताची जाडी निराळी, वेग निराळा. त्यामुळे खेळाचा अर्धा जीव जहाजांच्या माहितीत असतो, आणि ती बहुतेक वेळा सुट्या कार्डांवर छापलेली असते. नेमकी तीच आधी हरवते.

युद्धनौकांवर लिहिणाऱ्या इंग्रज लेखक फ्रेड जेनचंच बघा. 1898 साली त्यानं आपला नेव्हल वॉर गेम बाजारात आणला. गोळीबारासाठी त्यात फासे नव्हते. समोर शत्रूच्या जहाजाचं चौकटी आखलेलं चित्र, हातात टाचणी बसवलेली लाकडी फळी. फळी चित्रावर आपटायची. टाचणी जिथे टोचेल तिथे गोळा लागला. अंतर वाढलं की चित्र लहान घ्यायचं. टाचणी मुद्दाम मध्यावरून सरकवलेली असे, म्हणजे नेम धरणाऱ्याची फजिती ठरलेलीच! (मला हे फाशांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.) आता हे नियम वाचायला मिळाले, तरी ती चित्रं नसतील तर करणार काय? गंमत अशी, की त्याच वर्षी जेननं जगातल्या युद्धनौकांची माहिती देणारा जो ग्रंथ काढला, तो पुढे 'जेन्स फायटिंग शिप्स' म्हणून जगभरच्या नौदलांच्या टेबलावर पोचला. खेळ विस्मरणात गेला, माहितीचं पुस्तक टिकलं. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तोफांना आणि चिलखताला अक्षरांच्या श्रेणी दिलेल्या दिसतात. हाती जेनचे नियम असतील, तर त्या आवृत्त्याही शोधा.

याच्या उलट अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची पुस्तिका निघाली. खेळाडू दिवाणखान्याच्या फरशीवर गुडघे टेकून डोळ्यांच्या अंदाजानं अंतर सांगायचे, मग फीत लावून गोळा कुठे पडला ते मोजायचं. त्यानं जहाजांचे गुण काढायचं सूत्रच दिलंय. तोफांची संख्या, त्यांचा व्यास, चिलखत, वेग, वजन घाला आणि कुठल्याही जहाजाचं कार्ड घरी तयार करा. म्हणून प्रॅटची पुस्तिका एकटी मिळाली तरी चालते. जेन काय, प्रॅट काय, दोघांचेही नियम अलीकडे पुन्हा छापले गेलेत, तेव्हा मूळ प्रतीचा हट्ट संग्राहकांनी करावा.

संग्राहकांवरून आठवलं. 'डोन्ट गिव्ह अप द शिप' हे शिडाच्या जहाजांचे नियम 1972 साली निघाले. लेखकांत डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स. दोनच वर्षांनी याच दोघांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा काल्पनिक पात्रांची भूमिका घेऊन खेळायचा खेळ आला आणि ही पुस्तिका एका वेगळ्याच छंदाच्या लोकांना हवीशी झाली. तुम्हाला नुसतं खेळायचं असेल, तर 1975 ची आवृत्ती बघा.

शोधताना शब्द बदलत राहा. इंग्रजीत 'वॉर गेम' कुणी दोन शब्द लिहितं, कुणी जोडून, कुणी मध्ये रेघ देऊन. जुन्या कॅटलॉगांना हा फरक मोठा वाटतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांवर छापलेल्या ओळख-क्रमांकाच्या, भरवशावर तर बसूच नका. क्लबांनी घरगुती छापलेल्या पुस्तिकांना तो क्रमांक बहुधा नसतोच. अनेक नियम पुस्तकात आलेच नाहीत, छंदाच्या मासिकांत दोन-चार पानांत छापून गेले. न्यूपोर्टच्या अमेरिकन नेव्हल वॉर कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वॉरगेम चालत आलेत. तिथल्या अभिलेखागारातले जुने नियम हा वेगळाच खजिना आहे.

आणि विकणाऱ्याला किंमत विचारण्याआधी सुट्या कागदांचा फोटो मागा. शुद्धिपत्रही विचारा. माझ्या एका प्रतीत आधीच्या मालकानं टॉर्पेडोचा नियम पेन्सिलीनं खोडून समासात दुसरा लिहिला होता. मी त्याला वर्षभर नावं ठेवली. नंतर दुसरी आवृत्ती हाती आली, तर छापलेला नियम त्याच्या समासातलाच!