मग लिहिणाऱ्यालाच विचारा ना

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या वार्षिक नाटकाच्या तालमीत माझ्या धाकट्या मुलीला प्रॉम्प्टिंगला बसवले होते, कारण नायकाची, म्हणजे माझी, वाक्ये आता कोणीतरी विंगेतून ढकलल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. दुसऱ्या अंकात तार येते आणि सगळे घर हादरते, तिथे तिने वही मिटून विचारले, ‘बाबा, तार म्हणजे काय?’ ते मी रुबाबात सांगितले. मग तिने विचारले, ‘आणि ती सून हे सगळे गप्प का ऐकून घेते?’ मला उत्तर सुचेना. ती म्हणाली, ‘मग लिहिणाऱ्यालाच विचारा ना!’ लेखक हयात नाहीत हे कळल्यावर तिने मान हलवली. ‘तुमचे सगळेच लेखक गेलेले असतात का?’

भारतातली तारसेवा २०१३ साली बंद झाली. आपल्या रंगमंचावर मात्र ती दर गणपतीत चालू असते. त्या नाटकांनी आपल्याला हसवले, रडवले, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आपल्याविषयी आहे. नाटक निवडायच्या बैठकीत नवे नाव निघाले की आपण ‘लोकांना झेपेल का?’ असे विचारतो, आणि ते लोक म्हणजे आपणच असतो.

प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ घ्या. पायात काटा रुतलेली तुकोबांची आवली आणि तिची सेवा करायला वेश पालटून आलेली रखुमाई, एवढ्या दोघींवर हे नाटक उभे आहे. आवली काहीही निमूट ऐकून घेत नाही, हे मी घरी मुद्दाम सांगितले. मनस्विनी लता रवींद्र यांच्या ‘अमर फोटो स्टुडिओ’त आजचे एक जोडपे फोटो काढायला जाते आणि थेट भूतकाळात जाऊन पडते, स्मरणरंजनावर पोसलेल्या आपल्या मंडळासाठीच ते लिहिले असावे, असे मला वाटते. दत्ता पाटील यांच्या ‘हंडाभर चांदण्या’त पाण्याच्या टँकरची वाट पाहणारे गाव आहे. आणि भाड्याचे फेटे बांधून शिवजयंती साजरी करणाऱ्या आपण सर्वांनी, माझ्यासकट, राजकुमार तांगडे यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ एकदा तरी पाहावेच. जालन्याकडच्या शेतकरी कलावंतांनी गाजवलेले ते नाटक पाहताना फेटा थोडा घट्ट वाटू लागतो.

ही सारी मंडळी आज लिहीत आहेत. त्यांना पत्र लिहून परवानगी मागता येते, मानधन देता येते, आणि वाक्य अडले तर विचारताही येते. आजवर आपण झेरॉक्स काढून मोकळे झालो. सभागृहाचे आणि जेवणाचे पैसे अंदाजपत्रकात आधी धरतो. लेखकाचा रकाना मी सचिव असतानाही नव्हता, हे इथे कबूल करतो.

‘देवबाभळी’ची संहिता मी मुलीला दिली आहे. ती बोट ठेवून वाचते. पहिल्या दोन पानांना अर्धा तास लागला, आणि तिसऱ्या पानावर तिने जे विचारले त्याचे उत्तर मला याही वेळी देता आले नाही. तिने लेखकासाठी प्रश्न लिहून काढला आहे, मराठीतच, पण रोमन लिपीत. तो तसाच पाठवावा की तिच्याकडून देवनागरीत पुन्हा लिहून घ्यावा, यावरून आमच्या घरी चार दिवस वाद चालू आहे, आणि पत्र अजून टेबलावरच आहे.