खालचा सूर आधी

[दृश्य: पियानोच्या पट्ट्या, अगदी जवळून. मागे गाण्याचा चार मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो आहे. एक बोट एक पट्टी दाबतं, थांबतं, शेजारची दाबतं.]

हे बोट चाचपडतंय असं वाटेल, पण त्याचं काम ठरलेलं आहे: नुसतं ऐकून गाण्याच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गठ्ठे, पियानोवर शोधायचे. या तुकड्यात गिटार आहे, ड्रम आहेत, गाणारा आहे, मागे कुठेतरी व्हायोलिनं आहेत. त्या सगळ्या गर्दीतून बोटाला एकच सूर हवा आहे, सगळ्यात खालचा.

नवखा माणूस बहुतेक वेळा वरून सुरुवात करतो. अख्खी कॉर्ड एका दमात ओळखायला जातो. तीन बोटं अंदाजाने ठेवतो, जुळत नाही, उचलून दुसरीकडे ठेवतो. सूर बारा आहेत. प्रत्येकावर कॉर्डचे दोनच मुख्य प्रकार, एक मेजर आणि एक मायनर, धरले, तरी चोवीस कॉर्ड झाल्या. चोवीस दारं ठोठावून पाहिल्यावर 'आपल्याला कान नाही' असं ठरवून माणूस झाकण लावून टाकतो. कानाचा यात दोष नसतो. खालचा सूर हाती लागला की चोवीसच्या जागी दोन-तीनच शक्यता उरतात, आणि दोन-तीन कॉर्ड वाजवून बघायला कोणाचाही कान पुरतो.

[दृश्य: फोनचा स्पीकर. मग हेडफोन कानावर चढतो आणि आवाज भरदार होतो.]

आधी एक रुक्ष गोष्ट. फोनच्या स्पीकरवर हे काम करू नका. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो. फोनचा बोटभर स्पीकर काही शे हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही. मेंदू वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे सुराच्या पोटात वाजणाऱ्या बारीक उंच सुरांवरून, खालच्या सुराचा अंदाज बांधतो खरा, पण गर्दीच्या गाण्यात तो अंदाज फसतो. जो सूर शोधायचा तोच ऐकू येत नसेल तर शोधणार काय? हेडफोन लावा. बरा हवा, फार भारी नसला तरी चालेल.

मग गाण्याचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा निवडा आणि फिरवत ठेवा. वेग पाऊण पट केला तरी चालतो. आजची बहुतेक साधनं सूर न बदलता वेग कमी करतात. मात्र निम्म्याच्या खाली गेलात तर सूर फाटल्यासारखे, चिकट होतात आणि खर्ज सगळ्यात आधी बिघडतो.

आता पियानोला हात लावायचा नाही. खालचा सूर आधी गळ्यात घ्यायचा. बेस गिटार जिथे वाजते तिथे आपला गळा पोचत नाही, म्हणून तोच सूर एक-दोन सप्तकं वर गुणगुणायचा. तुकडा थांबवा, तरी सूर धरून ठेवा. तो तसाच धरून पियानोवर कुठलीही पट्टी दाबा आणि एवढंच विचारा: माझा सूर हिच्या वर आहे की खाली? वर असेल तर उजवीकडे सरका, खाली असेल तर डावीकडे. चार-पाच पट्ट्यांत गळा आणि पट्टी एक होतात. रेकॉर्डिंग चालू ठेवून थेट पट्ट्या दाबत शोधलं तर गाण्यातले बाकीचे सूर दिशाभूल करतात. गुणगुणल्याने नेमका एक सूर गर्दीतून बाजूला निघतो. ही पायरी सगळ्यांना बालिश वाटते आणि सगळेच ती गाळायला बघतात. नव्वद टक्के चुका मग तिथेच होतात असं आकडा नसताना म्हणायला नको, पण चूक झाली की आधी इथेच येऊन बघा.

[दृश्य: डावा हात. करंगळी 'सा' दाबते, मग अंगठा 'प'.]

इथली नेहमीची फसगत म्हणजे 'सा' ऐवजी 'प' सापडणं (इथे 'सा' म्हणजे त्या कॉर्डचा खालचा सूर). कारण साधं आहे. कुठल्याही तारेच्या सुरात त्याच्या तिप्पट कंपनांचा स्वरांश असतोच, आणि तो म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. म्हणजे 'सा' वाजला की त्याच्या पोटात 'प' गुणगुणतच असतो. कान तो उचलतो, पट्टी दाबून बघता, आणि जुळतंही, कारण 'प' त्या कॉर्डमध्ये असतोच. उलटतपासणी अशी करा: सापडलेल्या सुरापासून डावीकडे सात घरं उतरा. घर म्हणजे लगतची पट्टी, मग ती काळी असो की पांढरी. तिथला सूर गाण्याखाली जास्त घट्ट बसला, पायाखाली जमीन आल्यासारखं वाटलं, तर खरा खालचा सूर तोच.

खालचा सूर मिळाला की त्यावर कॉर्ड उभी करायला व्याकरण लागत नाही, मोजणी लागते. चार घरं वर एक सूर, तिथून तीन घरं वर दुसरा: झाली मेजर. तीन आणि मग चार: झाली मायनर. दोन्हींत खालचा आणि वरचा सूर तेच राहतात, फक्त मधलं बोट एक घर सरकतं. म्हणून तपासणीही सोपी आहे. करंगळी आणि अंगठा रोवून ठेवा, गाणं चालू द्या, आणि मधलं बोट एकदा इथे, एकदा तिथे ठेवून बघा. एका जागी ते गाण्यात विरघळतं, दुसऱ्या जागी खुपतं.

दोन्हीकडे खुपलं तर? एक तर खालचा सूर चुकला आहे. नाहीतर मधलं बोट आणखी एक घर वर हवं, म्हणजे पायापासून, ज्या सुरावर कॉर्ड उभी आहे त्यापासून, पाच घरं. 'सा म प' अशी ही अडकलेली कॉर्ड असते, आणि पुढच्याच मात्रांत तिचा 'म' उतरून 'ग' वर येताना बहुतेक वेळा ऐकूच येतो. आणि दोन्हीकडे चालून गेलं तर गाण्यात मधला सूर बहुधा वाजतच नाहीये. घोगऱ्या इलेक्ट्रिक गिटारवर नुसते 'सा' आणि 'प' वाजवायची पद्धत आहे, तिथे असं होतं.

[दृश्य: पांढरी एक हा 'सा' धरून सहा कॉर्ड एकेक करून वाजतात.]

गाण्याचा 'सा' कळला तर काम आणखी आटोपतं. गाणं मध्येच बंद करा आणि जिथे थांबल्यावर घरी आल्यासारखं वाटेल तो सूर गुणगुणा. तो बहुधा 'सा' असतो. गाणं मेजर अंगाचं असेल तर त्या 'सा'च्या शुद्ध सात सुरांतून सहा कामाच्या कॉर्ड निघतात. सा, म आणि प यांच्यावर मेजर. रे, ग आणि ध यांच्यावर मायनर. 'नी'वरची सातवी चमत्कारिक वाजते, तिच्याकडे नंतर येऊ. सोप्या गाण्यांचा मोठा भाग या सहांतल्या तीन-चार कॉर्डवर निघतो.

सरगम येत असेल त्याला इथे आयता साक्षीदार मिळतो, तो म्हणजे गाणाऱ्याने समेवर लांबवलेला सूर. प्रत्येक सूर या कुटुंबातल्या दोन किंवा तीनच कॉर्डमध्ये असतो. गाणाऱ्याने 'सा' धरला असेल तर कॉर्ड सा मेजर, म मेजर किंवा ध मायनर. तिन्हींचे पाये वेगळे आहेत, सा, म आणि ध. खाली काय वाजतंय ते ऐकलं की निकाल लागला.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती सा मेजर आणि ध मायनर यांच्यात. पहिलीत सा, ग, प. दुसरीत ध, सा, ग. दोन सूर सामाईक. उजव्या हातात चुकीची वाजवली तरी फारसं बोचत नाही, म्हणून चूक महिनोन्‌महिने तशीच राहते. वरच्या सुरांकडे कितीही कान दिला तरी ही गाठ सुटत नाही. खाली 'सा' आहे की 'ध', एवढंच बघायचं.

[दृश्य: डावा हात एकेक पट्टी उतरतो. सा, नी, ध, प.]

आता पायालाच दगा देणारा प्रकार. खालचा सूर सा, नी, ध, प असा पायऱ्या उतरतो. फार लाडकी चाल आहे ही, शेकडो गाण्यांत भेटते. आतापर्यंतचा नियम लावून तुम्ही दुसऱ्या जागी 'नी'वर कॉर्ड बांधता: नी, रे, म. तीन घरं आणि परत तीन घरं. आवाज आंबट येतो, गाण्याशी भांडतो. नीवर मेजर करून बघता, ती त्याहून वाईट. आणि खालचा सूर तर 'नी'च आहे, शंभरदा तपासला.

सूर बरोबरच आहे. तो पाया नाही, एवढंच. 'नी' हा 'प नी रे' या प मेजरचा मधला सूर आहे, आणि वादकाने तोच खाली ठेवला आहे, सा ते ध हा उतार सलग व्हावा म्हणून. तेव्हा डाव्या हातात नी, उजव्या हातात प नी रे. आंबटपणा लगेच जातो. चौथ्या जागी खाली 'प' आहे, तिथेही हाच प्रश्न: ती प मेजर की 'प' खाली घेतलेली सा मेजर? गाणाऱ्याकडे बघा. तो 'रे'वर थांबला असेल तर प मेजर, 'ग'वर थांबला असेल तर बहुधा सा मेजर. त्यानेही 'प'च धरला असेल तर तो सामाईक आहे, दोन्ही वाजवून बघावं लागेल.

कामापुरता ठोकताळा: खाली 'नी' आला की आधी प मेजर बघा. खाली 'ग' आला की ग मायनर आणि सा मेजर दोन्ही बघा.

उजव्या हाताने उड्या मारू नयेत. सा ग प वरून म मेजरला जाताना 'सा' जागेवर राहू द्या, 'ग' एक घर वर 'म'वर, 'प' दोन घरं वर 'ध'वर. हाताला सोय होतेच, शिवाय कोणता सूर हलला आणि कोणता थांबला हे कानाला वेगळं कळतं. तीन सुरांचा गठ्ठा उचलून दुसरीकडे टाकला तर ते कळत नाही.

डाव्या हाताने खाली पूर्ण कॉर्ड दाबू नका, पाया पुरे, फार तर वरचा पंचम. खालच्या सप्तकात जवळजवळचे सूर कान वेगळे करू शकत नाही, ते एकमेकांवर घासतात आणि नुसती घरघर होते. पुष्कळ जण इथे बरोबर कॉर्डच चुकीची समजून सोडून देतात.

[दृश्य: जुनी टेप फिरते. पट्टी दाबली जाते, सूर किंचित वर लागतो. शेजारची दाबली जाते, किंचित खाली.]

काही रेकॉर्डिंगांत कुठलीच पट्टी जुळत नाही. टेपच्या वेगात साधारण सहा टक्के फरक पडला की सूर एक घर सरकतो. तीन टक्के पडला तर तो दोन पट्ट्यांच्या मधोमध येऊन बसतो. बहुतेक इलेक्ट्रॉनिक पियानोंत ४४० हर्ट्झची मूळ जुळणी बदलता येते. अर्धं घर खाली म्हणजे जवळपास ४२७.५. नाहीतर रेकॉर्डिंगचाच सूर हलवावा. आणि ज्याचा कान तानपुऱ्यावर तयार झाला आहे त्याला पियानोचा 'ग' थोडा चढा लागेल. ते खरंच आहे: शुद्ध गांधार ३८६ सेंटचा, पियानोचा ४०० चा (पियानोचं एक घर म्हणजे १०० सेंट). वाद्य बिघडलेलं नाही, ते असंच लावतात.

[दृश्य: फक्त काळ्या पट्ट्यांवर फिरणारा हात.]

लिपी न वाचता मोठे झालेले वादक कमी नाहीत. जॅझ पियानिस्ट एरॉल गार्नर (१९२१–१९७७) यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिन (१८८८–१९८९) तर जवळजवळ सगळं एकाच पट्टीत, म्हणजे एकच 'सा' धरून वाजवत, आपल्या भाषेत काळी तीन. पाचही काळ्या पट्ट्या तिथे हाताशी असतात. काळी तीनला 'सा' मानून नुसत्या काळ्या वाजवल्या तर भूपाचे सूर निघतात. दुसरी पट्टी हवी असली की ते पियानोची कळ फिरवत. पट्ट्या त्याच राहत, सूर सरकत. त्यांचा असा एक पियानो अमेरिकेतल्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. आजच्या कीबोर्डवर ते काम ट्रान्सपोजचं बटण करतं. ते बटण चालू राहिलेलं विसरलात तर मात्र काल बसवलेलं गाणं आज एकाही सुराला जुळणार नाही.

[दृश्य: पुन्हा सुरुवातीचा तुकडा. या वेळी दोन्ही हात.]

आता या तुकड्याकडे परत. सा मेजर बसली. पुढची जागा अडली आहे. खाली स्वच्छ 'ग' आहे, गळ्यात घेऊन तपासलेला. सा मेजर 'ग' खाली घेऊन वाजवली, नाही. ग मायनर वाजवली, ग प नी, जवळ आली पण 'प' खुपतो. सहाच्या कुटुंबातले नेहमीचे पर्याय संपले, म्हणजे या कॉर्डमधला एखादा सूर बहुधा बाहेरचा आहे. कुटुंबाबाहेर जायचं तर एकाच घराने जायचं. करंगळी आणि अंगठा जागेवर. मधलं बोट 'प' सोडून एक घर वर चढतं, काळ्या पट्टीवर. ग मेजर झाली.

[दृश्य: मधलं बोट, अगदी जवळून. काळी पट्टी दबते. तुकडा पुढे सरकतो, डावा हात आपोआप 'ध'वर उतरतो.]

ही कॉर्ड आली की मागोमाग बहुतेक वेळा ध मायनरच येते. ती इथेही आली.